विमानाला 'हलू नका' म्हणणारी बाई

आमच्या ह्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द म्हणून कधी निघाला नाही. साताऱ्यात आमचा फोटो स्टुडिओ होता. पुढे स्टुडिओ, मागे दोन खोल्यांचं बिऱ्हाड. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवणं, मान सरळ करणं आणि फोटो घेणं हे ह्यांचं काम. आतल्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणं, कागदावर फोटो उतरवणं आणि कुणाच्या गालावरचे देवीचे व्रण पेन्सिलीने बुजवणं हे माझं. फोटो वाळला की मी तो ह्यांच्यापुढे धरायची. हे तो खिडकीशी नेणार, डोळे बारीक करणार आणि म्हणणार, "नीट धुतला नाहीस. कडा पिवळ्या पडतील." किंवा, "हा माणूस आहे की कणकेचा गोळा?" मला असा राग यायचा! मी सांगलीची, कृष्णेच्या घाटावर भांडून धुण्याचा दगड मिळवणारी. मीही फाडकन बोलायची. आमचं भांडण ऐकत बाहेरची गिऱ्हाइकं आपापल्या टोप्या सारख्या करत बसायची.

स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं झाली होती. त्या श्रावणात ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला, जीभ जड झाली, पाय ओढत खाटेपासून खिडकीपर्यंत जेमतेम जाता यायचं. वैद्य म्हणाले, जीव वाचला हे नशीब समजा. मी समजले. पंधरा दिवसांनी स्टुडिओ मीच उघडला. पहिल्याच दिवशी पलटणीतून रजेवर आलेला एक जवान आईला घेऊन आला. मी दोघांना बसवलं, "हलू नका" म्हटलं, फोटो काढला, धुतला आणि ह्यांच्यापुढे धरला. आईचे दोन्ही डोळे मिटलेले. आंधळ्यालाही दिसावं. ह्यांनी पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाले, "बरं आहे."

बरं आहे! सोळा वर्षांच्या संसारात हे दोन शब्द मी ऐकले नव्हते. मी आत जाऊन रडले.

मग ते रोजचंच झालं. आमटीत मीठ नाही, बरं आहे. फोटो काळाठिक्कर, बरं आहे. शेजारच्या काकू म्हणायच्या, "किती निवळले गं ते, नशीबवान आहेस." कपाळ माझं! निवळले कसले, विझत चालले होते. माणूस खोट काढतो तोवर त्याचा जीव त्या गोष्टीत असतो, हे मला तेव्हा कळलं. आम्हांला मूलबाळ नव्हतं. जीव अडकवायला ह्यांना फोटोंखेरीज दुसरं काहीच नव्हतं. वैद्यांचे काढे चालू होते, मालिश चालू होती, पण मला एकच हवं होतं. ह्यांनी एकदा तरी माझ्यावर खेकसावं.

ह्यांचा जीव शेवटचा कशात अडकला होता ते मला ठाऊक होतं. आदल्या हिवाळ्यात औंधकडे एका लग्नाचे फोटो काढायला गेले असताना ह्यांनी एक विमान पाहिलं होतं. पंखा नसलेलं, नव्या जातीचं. लोक त्याला जेट म्हणायला लागले होते. औंधच्या अलीकडे डोंगराच्या दोन सोंडांमध्ये एक खिंड आहे. तिच्यातून ती लष्करी विमानं सरावाला जायची, आणि इतकी खालून जायची की डोंगराच्या उतारावर उभं राहिलं तर विमान आपल्या पायाखालून जाई. हे घरी आले ते वेड लागल्यासारखे. "अगं, त्याची पाठ पाहिली मी! आत बसलेल्याचं डोकं पाहिलं!" आयुष्यभर बसलेल्या माणसांचे फोटो काढलेला हा माणूस, त्याला आता उडत्याचा हवा होता. लढाई संपल्यावर विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाचा घडीचा कॅमेरा घरात होता. तो घेऊन ह्यांनी त्या डोंगरावर तीन खेपा घातल्या आणि तिन्ही वेळा रिकामं आभाळ घेऊन आले. नाही म्हणायला एकदा त्यात घार होती. मी हसले, तर दोन दिवस अबोला. चौथी खेप व्हायच्या आधी श्रावण आला.

मार्गशीर्षात मी ठरवलं, आपणच जायचं. ह्यांना सांगितलं, "औंधच्या यमाईला जाऊन येते." ते म्हणाले, "बरं." काकूंना ह्यांच्याजवळ बसवलं आणि सकाळची पहिली सर्व्हिस मोटार धरली. खोटं काही बोलले नव्हते. देवीची ओटी मी खरोखरच भरली. फक्त ओटीच्या खणाखाली कॅमेरा होता, एवढंच सांगितलं नव्हतं.

खिंडीजवळच्या गावात पोचले तर माझ्याआधी माझी बातमी पोचलेली. साताऱ्याची फोटोवाली बाई आली! मी कॅमेऱ्याचा तिपायी स्टँड खांद्यावर घेऊन उतारावर चढते तोवर निम्मं गाव मागे. धुवट धोतरं, लाल फेटे, बायकांच्या नाकात नथी. मी कॅमेरा स्टँडवर लावून खिंडीकडे वळवला, तर ही सगळी मंडळी कॅमेऱ्यासमोर येऊन ओळीत उभी राहिली, खिंडीकडे पाठ करून! पलटणीतून पेन्शनीत आलेला एक म्हातारा मिशा पिळत त्यांना उंचीप्रमाणे लावत होता. "लाइन सीधी! ए, पोट आत घे रं!"

"अहो, फोटो तुमचा नाही," मी ओरडले. "विमानाचा आहे!"

"व्हय की," म्हातारा शांतपणे म्हणाला. "आमी कुटं न्हाई म्हनतुया? इमान येऊ दे की मागनं."

मला आधी कळेचना. मग उजेड पडला. आमच्या स्टुडिओत गिऱ्हाइकाच्या मागे राजवाडा रंगवलेला पडदा असायचा. यांतल्या बऱ्याच जणांनी पलटणीत जाताना त्या पडद्यापुढे बसून फोटो काढून घेतला होता. फोटो म्हणजे पुढे आपण आणि मागे काहीतरी भारी. राजवाड्याच्या जागी आज इमान. बरोबरच होतं त्यांचं. मी कपाळाला हात लावला आणि म्हटलं, उभे राहा बापड्यांनो.

तासभर सगळे उन्हात उभे. आणि मग एकदम ते आलं. आवाज नाही, काही नाही, डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी चमकलं, आणि सोळा वर्षं ह्यांच्या तोंडून ऐकलेलंच माझ्या तोंडून निघालं, "हलू नका!"

समोरच्या ओळीने श्वास रोखला. एक पापणी हलली नाही. विमान मात्र गेलं. ते खिंडीपार झाल्यावर मग आवाज आला, कानठळ्या बसवणारा, आणि तो विरल्यावर म्हातारा मान न वळवता म्हणाला, "बाई, इमानाला हुकूम सोडला व्हय तुमी? ते आमच्या पलटनीतलं न्हवं!" गाव असं हसलं, असं हसलं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे तो फोटो धुतला तेव्हा सगळे फेटे, सगळ्या नथी लखलखीत आल्या होत्या, श्वास रोखलेल्या चेहऱ्यांसकट. आणि मागे जिथे विमान असायला हवं तिथे ओल्या बोटाने पुसल्यासारखा एक करडा पट्टा. मी त्याच्या प्रती काढून गावाला पाठवल्या. त्या लोकांनी माझ्यावर हसून माझ्यावर उपकारच केले, नाहीतर मी तिथेच रडत बसले असते.

गाव पांगलं. मी स्टँड आवरत होते, तर खालच्या जोंधळ्याच्या रानातून हाक आली. "आवं फोटोवाल्या बाई! हिकडं या जरा."

रानाच्या मधोमध चार खांबांवर माळा बांधला होता आणि त्यावर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी बाई गोफण घेऊन उभी होती. कणसं हुरड्याला आलेली, त्यामुळे पाखरं राखायचं काम सोडून ती ओळीत उभी राहायला आली नव्हती. पण माळ्यावरून तिने सगळं पाहिलं होतं. मी तिला मावशी म्हणायला लागले ती तेव्हापासून.

"तुमचं काय चुकलं सांगू का?" ती म्हणाली. "तुमी खांबावानी हुब्या ऱ्हायलात. पाखरू काय तुमच्यासाटी थांबतंय व्हय?"

"मावशी, कॅमेरा हलला तर फोटो बिघडतो," मी ठसक्यात म्हटलं. मला काय शिकवतेय ही, असंच वाटलं.

"मग आत्ता काय लय चांगला झाला?"

ती माळ्यावरून उतरली, गोफणीत खडा घातला, आणि उठलेल्या पोपटांच्या थव्याबरोबर तिचं सगळं अंग वळलं, टाचेपासून मानेपर्यंत, एका लयीत. खडा सुटला तरी ती वळतच राहिली. पुढच्या पोपटाच्या पंखाला चाटून खडा गेला आणि थवा पार ओढ्यापल्याड.

"हातानं न्हाई मारत, कमरंनं मारत्यात," ती म्हणाली. "पाखरासंगं फिरायचं. आन् सोडलं म्हून थांबायचं न्हाई. थांबला की दगूड पडला."

मी म्हटलं, "मला जमेल?"

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "त्या इमानाचं एवडं काय अडलंय तुमचं?"

आणि मी, अनोळखी बाईपाशी, जोंधळ्यात उभी राहून सगळं सांगून टाकलं. स्टुडिओ, श्रावण, बरं आहे. म्हटलं, "नवऱ्याने एकदा मला शिवी द्यावी, एवढ्यासाठी आलेय."

मावशी पदर तोंडाला लावून हसली. "अगं बया! माझा रोज देतोय की, न्ह्या त्यालाच!" मग हसू थांबलं आणि तिने गोफण माझ्या हातात दिली. "आज ऱ्हावा हितंच. शिकल्याबिगर सोडत न्हाई तुमाला."

मी सातारच्या मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर काकूंना निरोप पाठवला आणि राहिले. सगळी दुपार गोफण फिरवली. पहिला दगड माझ्या मागे गेला. दुसरा माळ्याच्या खांबावर बसला. तिसरा कुठे गेला ते मला अजून कळलेलं नाही. मावशी हसायची, रागवायची, माझी कंबर दोन्ही हातांनी धरून वळवायची. दिवस कलला तरी दगड नेमका कुठे लागेना, पण अंग पाखराबरोबर जायला लागलं. मग तिने गोफण काढून घेतली. "आता तुमची कळ घ्या हातात." कॅमेऱ्यात फिल्म न घालता मी घारींमागे फिरले, पोपटांमागे फिरले. स्टँड तिने सरळ उचलून माळ्याखाली टाकला. "ही लाकडं हितंच ऱ्हाऊ द्या. त्यांनीच तुमचा घात केला."

आणखी एक गोष्ट तिने शिकवली. "आवाजाकडं बघायचं न्हाई. आवाज म्हंजे मागनं येनारं वऱ्हाड. नवरदेव कवाच म्होरं गेल्याला असतोय." पलीकडच्या सोंडेवर तिचा दीर गुरं राखायचा, तिथून दूरवरचं दिसे. इमान दिसलं की घोंगडं वर करून हलव, असं तिने त्याला सांगून ठेवलं. कोण कुठली मी! ना नात्याची, ना गोत्याची. तरी त्या घराने मला भाकरी-पिठलं वाढलं, सकाळी अंघोळीला ऊन पाणी दिलं, आणि माझ्या नवऱ्याच्या शिवीसाठी सगळी कामाला लागली. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की माझा ऊर भरून येतो. माणसं इतकी चांगली का वागतात, हे मला कोडंच आहे.

दुसऱ्या दिवशी, न्याहारी होऊन बराच वेळ झाल्यावर, पलीकडच्या सोंडेवर काळं घोंगडं वर गेलं. मी उतारावर उभी होते, पाय रोवून. खालून माळ्यावरून मावशी ओरडली, "कमरंनं गं बाई, कमरंनं!" खिंडीच्या तोंडाशी रुपेरी ठिपका दिसला आणि मी त्याच्याबरोबर वळायला लागले. ठिपक्याचे पंख झाले. ते माझ्या पायाखाली आलं तेव्हा मी बटण दाबलं, आणि दाबल्यावरही वळत राहिले, इतकी वळले की तोल जाऊन गवतात बसकण मारली. मग वऱ्हाड आलं, कान फोडत. जोंधळ्यातली सगळी पाखरं एका झटक्यात उडाली.

"बगा," मावशी खालून म्हणाली, "माजं काम बी करून गेलं मेलं!"

निघताना मी तिच्या पाया पडले. ती पाय मागे घेत होती, मी सोडले नाहीत.

घरी आल्या आल्या पदर खोचून मी अंधाऱ्या खोलीत शिरले. फिल्म पाण्यात डोलत होती. विमान आलं होतं! लख्ख. पंख, पाठ, आणि काचेखाली तांदळाच्या दाण्याएवढं माणसाचं डोकं. पण मागचा डोंगर पार फराटला होता; झाडं, खडक, मावशीचा जोंधळा, सगळ्याच्या नुसत्या आडव्या रेघा. मला वाटलं, झालं, वाटोळं केलंस. स्टुडिओत असा फोटो मी केरात टाकला असता. आणि तरी त्याच रेघांमुळे ते विमान कागदावर धावत होतं. (पुढे मावशीला प्रत दिली, तर तिने विमान पाहिलंच नाही. "माजं रान कुटं गेलं?" म्हणून माझ्याशीच भांडली.)

ओला फोटो काचेवर चिकटवून मी ह्यांच्यापुढे नेला. हे खाटेवर बसले होते. डाव्या हाताने त्यांनी काच घेतली. पाहिली. माझं सगळं अंग कान झालं होतं. मनात म्हटलं, देवी, ते दोन शब्द नकोत. दुसरं काहीही चालेल.

ह्यांनी काच खिडकीच्या उजेडाकडे फिरवली. डोळे बारीक केले. ओठ हलले, पण शब्द फुटेना. मग एकदम फुटला.

"शे... शेपूट कापलंस!"

"काय?"

"शेपूट! त्याचं शेपूट कुठाय? क... कडेबाहेर गेलंय. आंधळी आहेस का?"

मी पाहिलं. खरंच की! विमानाच्या मागचं टोक कागदाबाहेर राहिलं होतं. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आणि हे थांबेनात. जड जिभेने, लाळ गळत असताना, एकेक शब्द ओढून काढत बोलत होते. घाई केलीस, जरा दम धरायचास. आभाळ पांढरं पडलंय, भिंगावर पिवळी काच का नाही लावलीस? पेटीत होती ना? चार महिन्यांचं सगळं साचलेलं बाहेर पडत होतं, आणि मी समोर उभी राहून रडत होते. काकू दारातून धावत आल्या, त्यांना वाटलं काहीतरी वाईट झालं. मी त्यांना हातानेच थांबवलं. एक अक्षर मला चुकवायचं नव्हतं.

मग हे म्हणाले, "आणि ही काच ध... धरायची रीत झाली? बोटं उमटलीत." तिथे मात्र माझा तोल गेला. दोन दिवस डोंगरावर काढले होते मी, कंबर मोडून घेतली होती.

"एवढं कळतंय तर या की स्वतः काढायला!"

बोलले आणि जीभ चावली. काकूंनी तोंडावर हात धरला. ह्यांनी काच हळूच उशीवर ठेवली, माझ्याकडे रोखून पाहिलं.

"येतो," म्हणाले, आणि डावा हात खाली सोडून खाटेखाली चपला चाचपू लागले.